तुळजाबाईंनी ओळखलेली पोर

तुळजाबाई मोठ्यानं बोलायच्या. समोरचा हातभर अंतरावर असला तरी ओढ्यापलीकडं हाक घालावी तसा त्यांचा आवाज लागायचा. ताम्हिणीच्या वरच्या अंगाला, घाटरस्ता सोडून आत असलेल्या त्या छोट्या शाळेत कुणी नवा माणूस आला की त्याला वाटे, बाई भांडतायत. भांडण नसायचं, सवय होती. त्यांचा नवरा वाल्मीक दगडाच्या खाणीवर सुरुंगाच्या कामाला होता. चाळिशीच्या आत त्याचे कान गेले. पुढची सोळा वर्षं तुळजाबाई त्याच्याशी ओरडून बोलल्या. तो वारला, घरात ओरडून बोलायला कुणी उरलं नाही, तरी आवाज काही खाली आला नाही.

मूलबाळ झालं नव्हतं. दीर हैबतराव खाली रस्त्याला राहायचे. जमीन विकून त्यांनी घराच्या मागं भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. सणासुदीला त्यांच्याकडून झाकलेलं ताट यायचं, एरवी कुणी फिरकत नसे. तुळजाबाई शाळेत पोरांचा पोषण आहार शिजवायच्या. दिवसातले तेवढे चार तास माणसांत जायचे. शाळेला कुलूप लागलं की त्या घरी येत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेची पायरी चढेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायची वेळ येत नसे. रविवार त्यांना आवडायचा नाही.

शाळा चौथीपर्यंतची, पोरं एकोणीस. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी होती, त्यामुळे चारही वर्ग शेखर गुरुजी एकटेच ओढायचे. निम्म्याहून जास्त पोरं कातकरी वाडीवरची. घरी त्यांची बोली वेगळी, शाळेतलं मराठी वेगळं. पहिलीतली पोरं सुरुवातीचे काही महिने गप्पच बसायची, मग हळूहळू तोंड उघडायची. सोनी वाघमारे दुसरीत गेली तरी तिनं तोंड उघडलं नव्हतं.

गुरुजींना त्यात नवल वाटलं नाही. "भाषेचा प्रश्न आहे," ते म्हणायचे. सोनी शेजारणीच्या पाटीवरचं बघून मोत्यासारखं अक्षर काढायची. पण तिला एकटीला उभं करून काही विचारलं की नुसती बघत राहायची. कशाकडं बघत राहायची, ते गुरुजींच्या ध्यानात आलं नाही. तुळजाबाईंच्या आलं. पोर समोरच्याच्या डोळ्यांकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघायची. वाल्मीकही तसाच बघायचा.

आणखी एक गोष्ट त्यांनी हेरली होती. खिचडी झाली की त्या ताटलीवर डाव वाजवायच्या आणि पोरं धावत यायची. कधी कोण पहिलं, कधी कोण. सोनी मात्र कधीच पहिली आली नाही. ती दुसऱ्याला पळताना बघायची आणि मग उठायची.

जुलैत शाळेला एक कागद आला. कुठल्या मुलाला बघायला, ऐकायला, चालायला, शिकायला अडचण आहे ते वर्गवार कळवायचं होतं. एकवीस प्रकार होते, प्रत्येकापुढं रकाना. गुरुजी ओसरीत बसून तो भरत होते. तुळजाबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या.

"सोनीचं काय लिवलं?" त्यांनी विचारलं.

"बौद्धिक अक्षमता. संशयित असं लिहिलंय. तपासणी करणारे बघतील पुढं."

"म्हंजी डोस्क्यात कमी?"

"तसंच काहीतरी."

"गुरुजी, तिचं डोस्कं ठीक हाय. कानाचं बघा."

शेखर गुरुजी हसले. वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. "तुळजाबाई, तिला ऐकू येतं हो. परवा ढग गडगडले तर केवढी दचकली."

"गडगडल्यालं भुईतनं येतंय," तुळजाबाई म्हणाल्या. "ते तर आमच्या मालकांनाबी कळायचं."

गुरुजींनी रकाना बदलला नाही. मग तुळजाबाईंनी आपली तपासणी आपणच केली. एक दिवस बाकीच्या पोरांना दम देऊन जागेवर बसवलं, सोनीच्या पाठीमागं भिंतीआड जाऊन डाव वाजवला. सोनी पाटीवर फूल काढत राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या नावानं हाक मारली, त्यांच्या त्या ओढ्यापलीकडच्या आवाजात. सोनीनं मान किंचित वळवली, पण भलत्याच दिशेला. तिसऱ्या दिवशी काही न बोलता फक्त ती बसली होती त्या लाकडी फळीवर जोरात पाय आपटला. सोनी गर्रकन वळली. तुळजाबाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतंच कोण?

ऑगस्टच्या अखेरीला पौडहून शुभांगी मॅडम आल्या. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणाऱ्या त्या शिक्षिका. सगळ्या खोऱ्यातल्या शाळा त्यांच्याकडं. रेनकोट काढून त्यांनी गुरुजींचा कागद वाचला, सोनीला जवळ बसवलं, चित्रं दाखवली. मग चहा घ्यायला स्वयंपाकाच्या खोलीत आल्या, तेव्हा तुळजाबाईंनी तिन्ही दिवसांचं सांगितलं. शुभांगी मॅडमनी कप खाली ठेवला आणि वही काढली.

"मावशी, परत सांगा. हाक मारली तेव्हा मान कुठल्या बाजूला वळली?"

आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे तुळजाबाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्या नकळत हळू आवाजात बोलायला लागल्या.

"आधी कान, मग डोळे. डोकं सगळ्यात शेवटी बघायचं असतं," मॅडम गुरुजींना म्हणाल्या. "उलटं केलं की मूल चुकीच्या रकान्यात जाऊन बसतं आणि पुढं तिथंच राहतं. जानेवारीत पौडला शिबिर आहे. तिथं आणा हिला."

पण दिवाळी झाली आणि वाडीवरची माणसं नेहमीसारखी घाट उतरून वीटभट्ट्यांवर गेली. सोनीचे आईबाप, देवू आणि बारकी, तिलाही बरोबर घेऊन गेले. शिबिर पंधरा दिवसांवर आलं, तेव्हा शुभांगी मॅडमचा फोन आला. आईबापाच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, सही किंवा अंगठा लागेल. गुरुजींना शाळा सोडता येत नव्हती. तुळजाबाईंनी संमतीचा कागद आणि शाईचं पॅड पिशवीत घातलं आणि माणगावकडं जाणारी एसटी पकडली.

भट्टी नदीकाठी होती. सोनी कच्च्या विटांच्या रांगेत उभी होती, अंगभर माती. तुळजाबाईंना बघून पळत आली आणि त्यांचा पदर मुठीत धरून उभी राहिली. बारकी चिखल तुडवत होती. ती आली, पण बसली नाही.

"कागूद कशाचा?"

"तपासनीचा. डागदर बघनार."

"येडी म्हनून लिवनार व्हय?"

"न्हाई. कान बघनार. बारके, तिला ऐकू येत न्हाई."

बारकीनं पायांचा चिखल काठीनं खरवडला. बराच वेळ खरवडला. मग म्हणाली, "मला ठाव हाय."

"कवापासनं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"अंगावर पीत व्हती तवापासनं ठाव हाय. कुनाला बोलले न्हाई. येडी म्हनली तर म्हनूदेत, घरात तरी ऱ्हाईल. बहिरी लिवलं की नेत्यात. आमच्या तितं एकाची नेली व्हती, लांब. ती आलीच न्हाई."

"कोन नेत न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "मी हाय न्हवं तितं."

बारकीनं अंगठा दिला. देवूनंही दिला. त्यांना काम सोडून येता येणार नव्हतं, म्हणून पोर तुळजाबाईंबरोबर निघाली. तपासण्या होईपर्यंत तिनं त्यांच्याकडंच राहायचं ठरलं. सबंध घाट चढेपर्यंत सोनी एसटीच्या खिडकीला गाल लावून बसली होती. काच थरथरत होती, आणि ती थरथर तिला आवडत असावी.

कातकऱ्याची पोर घरात घेतली, ही बातमी त्यांच्या आधी खाली पोचली. हैबतराव स्वतः वर आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"वैनी, शाळंपुरतं ठीक हाय. घरात कशापायी?"

"तिला झोपायला जागा लागतीया म्हनून," तुळजाबाई म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात.

संक्रांतीला त्यांच्याकडून ताट आलं नाही.

पौडच्या शिबिरात एका खोलीत सहा टेबलं, बाहेर ओळीनं बसलेले आईबाप, सगळीकडं गलका. बुद्धीची चाचणी घेणाऱ्या तरुण साहेबांनी सोनीपुढं चित्रांचं पुस्तक ठेवलं आणि भराभर प्रश्न विचारले. सोनी त्यांच्या मिशांकडं बघत बसली. त्यांनी पेन उचललं तेव्हा शुभांगी मॅडम पलीकडच्या टेबलावरून उठून आल्या.

"सर, कानांचा अहवाल यायचाय. त्याआधी आकडा नका लिहू."

"मॅडम, बाहेर साठ मुलं आहेत."

"एकसष्टावं मूल म्हणून परत आणते हिला. पण आकडा नको."

साहेबांनी पेन ठेवलं. पुढच्या आठवड्यात तिघी पुण्याला सरकारी दवाखान्यात गेल्या.

कान तपासायची खोली म्हणजे खोलीतली खोली होती, भिंती गादीसारख्या, दार वीतभर जाड. पोर घाबरेल म्हणून तुळजाबाईंना तिच्याबरोबर आत बसवलं. सोनीच्या कानांवर जाड गोळे चढवले, पुढ्यात खांब आणि रंगीत कड्या. आवाज आला की एक कडी खांबात घालायची. काचेपलीकडच्या तपासणाऱ्या बाईनं यंत्र सुरू केलं. सोनीनं कडी घातली. परत घातली. तुळजाबाईंचा जीव भांड्यात पडला. ऐकू येतंय की! पण त्या बाईला संशय आला. तिनं एक पुठ्ठा उचलून आपल्या तोंडापुढं आणि हातापुढं धरला. त्यानंतर सोनीच्या हातातली कडी हातातच राहिली. पोर आवाज ऐकत नव्हती, बाईच्या भुवया वाचत होती.

पुढची पाच-सात मिनिटं खोलीत काही हललं नाही. तुळजाबाईंना आपला श्वास ऐकू आला, मग छातीतले ठोके, मग तेही ऐकू येईनासे झाल्यासारखं वाटलं. इतकं गप त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं. वाल्मीक सोळा वर्षं इथं होता, त्यांच्या मनात आलं. आपण भांडी घासत, बडबडत, कुरकुरत त्याच घरात होतो, आणि तो इथं होता.

नंतर सोनीला झोपवून डोक्याला तारा लावून आणखी एक तपासणी झाली. अहवाल आला. दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष. ढोल, गडगडाट, अगदी जवळून मारलेली हाक यातलं काहीतरी कानात पडत असेल. त्यापलीकडं नाही.

मार्चमध्ये श्रवणयंत्रं मिळाली. सोनीला ती मुळीच आवडली नाहीत. काढून तांदळाच्या डब्यात लपवायची. भांडं पडलं की कान धरून बसायची. तुळजाबाई रोज थोडा थोडा वेळ ती चढवायच्या, अन् बोलत राहायच्या. आणि एक दिवस चुलीपुढं पाठमोरी बसलेली पोर त्यांच्या हाकेला वळली. या वेळी त्यांच्याच बाजूला वळली. इतकी वर्षं ज्या आवाजाला लोक दचकत, टाळत आले, तो आवाज एका माणसाला पुरेसा होता.

ते महिने तुळजाबाईंच्या घरात गडबडीत गेले. यंत्र नसताना हातांनी बोलणं चालायचं. दोघींनी खुणा ठरवल्या नव्हत्या, त्या आपोआप झाल्या. नाकावर दोन बोटं म्हणजे चष्म्यावाले गुरुजी. मनगट गोल फिरवलं की एसटी. पोटावर हात आणि तोंड वाकडं म्हणजे आज परत खिचडीच. रविवारी दोघी करवंदं काढायला जायच्या. तुळजाबाई हसताना दिसतात म्हणून शाळेतल्या पोरी त्यांना चिडवायच्या.

एप्रिलमध्ये पौडला सोनीची बुद्धीची चाचणी पुन्हा झाली. तेच साहेब, पण खोली शांत आणि घाई नाही. या वेळी प्रश्न नव्हतेच. ठोकळ्यांची नक्षी जुळवायची, तुटलेलं चित्र पुरं करायचं, वेगळं काय ते दाखवायचं. शुभांगी मॅडमनी आधी खुणेनं एकदा करून दाखवलं. सोनीनं ठोकळे ओढून घेतले. शेवटची नक्षी तिनं जुळवली तेव्हा साहेब घड्याळाकडं बघत होते, त्यांनी दोनदा बघितलं.

"मावशी, हिच्या बुद्धीत काही कमी नाही," ते म्हणाले. "वयाच्या पुढंच आहे जरा."

"मला ठाव हाय," तुळजाबाई म्हणाल्या.

मग पुढचा प्रश्न आला. शुभांगी मॅडमनी तो मे महिन्यात, देवू-बारकी भट्टीवरून परतल्यावर, शाळेच्या ओसरीत मांडला. गुरुजीही होते. पोर आठ वर्षांची झाली होती आणि तिच्याजवळ भाषा म्हणावी अशी एकही नव्हती, ना घरची ना शाळेची. ती याच शाळेत राहू शकत होती. मॅडम महिन्यातून दोनदा येऊन शिकवतील, गुरुजी पुढच्या बाकावर बसवतील. नाहीतर पुण्याला कर्णबधिर मुलांची निवासी शाळा होती. तिथं खुणांची भाषा, रोजचा सराव, तिच्यासारखी शंभर मुलं.

"तुम्हाला काय वाटतं ते तुम्हीच ठरवायचं," मॅडम म्हणाल्या. "कागद तुमचा, मूल तुमचं. मी विचाराल तर सांगेन."

बारकीनं मॅडमना विचारलं नाही. ती तुळजाबाईंकडं वळली.

"तू म्हनली व्हतीस, कोन नेत न्हाई."

"म्हनले व्हते. मला तवा काय ठाव?"

"आता तुजं काय म्हननं?"

सोनी अंगणात दगडांनी घर मांडत होती. तुळजाबाईंना वाटलं, नुसतं 'हितंच ऱ्हाऊदे' म्हटलं तरी पुरे आहे. बारकीला तेच ऐकायचंय. गुरुजी विरोध करणार नाहीत. दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर जातील, पोर आपल्याकडं येईल. दरवर्षी येईल. आपल्या चारदोन खुणांवर तिचं चालेल. चालेल, पण त्या चारदोन खुणांपुढं जाणार नाही. मनगट फिरवून एसटी सांगता येते. आपण कुठून आलो, काल काय झालं, छातीत काय दुखतंय, हे त्यांच्या खुणांत सांगता येत नव्हतं. वाल्मीकनं शेवटी शेवटी बोलणंच सोडलं होतं, पण त्यालाही काहीतरी सांगायचं असायचं. तो हात उचलायचा आणि सोडून द्यायचा.

"धाड," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होता की बारकीला परत विचारावं लागलं.

जूनमध्ये आईबाप तिला पुण्याला सोडून आले. तुळजाबाई गेल्या नाहीत. शाळा नुकतीच सुरू झाली होती, पोरांना जेवायला घालायचं होतं, असं त्यांनी सांगितलं. त्या वर्षी माहितीचा कागद आला तेव्हा गुरुजींनी तो त्यांना शेजारी बसवून भरला. प्रत्येक पोराचं नाव घेतलं की ते विचारायचे, "तुमच्या पाहण्यात काही?" एका पोरीला फळ्यावरचं दिसत नसावं असं त्या म्हणाल्या. चष्मा लागला. काम चांगलं चाललं होतं. घरी मात्र त्या आता रेडिओ लावून ठेवायला लागल्या होत्या. त्यावर कोण काय बोलतंय याकडं त्यांचं लक्ष नसायचं.

दिवाळीच्या सुट्टीत सोनी घरी आली आणि तशीच आईबापाबरोबर थेट भट्टीवर गेली. तुळजाबाईंची भेट झाली नाही. जानेवारीतल्या एका रविवारी मात्र त्या पुण्याला निघाल्या. करंज्या केल्या होत्या. सकाळची एसटी, मग विचारत विचारत शाळा. भेटीची वेळ बारा ते चार. त्यांनी परतीला पाचची गाडी धरायचं ठरवलं होतं.

सोनी पळत आली. उंच झाली होती, केस नीट विंचरलेले, दोन्ही कानांत यंत्रं. तिनं तुळजाबाईंच्या कमरेला मिठी मारली, करंज्यांचा वास घेतला आणि मग हात चालवायला लागली. भराभर, बोटं उघडत, मिटत, कपाळाला, हनुवटीला, छातीला लावत. चेहरा सगळा बोलत होता. तुळजाबाई बघत राहिल्या. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. त्यांनी तोंडाकडं घास नेल्यासारखा हात केला, जेवलीस का. सोनीनं मान हलवली, थांबली, आणि मग हळूहळू, लहान मुलाला समजवावं तशी आपली आधीची एक खूण पुन्हा करून दाखवली. तरी त्यांना कळली नाही.

तेवढ्यात दोन मैत्रिणी आल्या. सोनीनं त्यांना करंज्या वाटल्या आणि तिघींचं बोलणं सुरू झालं. सहा हात एकदम. एकीनं काहीतरी म्हटलं आणि सोनी पोट धरून हसली. सोनी कुणाच्या तरी बोलण्यावर हसतेय, हे तुळजाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. मग मैत्रिणींनी तिला ओढलं, मैदानाकडं. तिनं वळून तुळजाबाईंकडं बघितलं, जाऊ का असं. तुळजाबाईंनी हातानंच सांगितलं, जा.

त्या झाडाखालच्या बाकावर बसून खेळ बघत राहिल्या. शेजारी एक आई बसली होती, तिनं विचारलं, "तुमची कोण?" तुळजाबाई काहीतरी बोलल्या, एवढ्या हळू की त्या बाईला ऐकू गेलं नाही आणि तिनं परत विचारलं नाही. मैदानात पोरी पळत होत्या. सोनी आज सगळ्यांच्या पुढं होती.

तुळजाबाईंनी डबा पिशवीत घातला, फाटकावरच्या वहीत अंगठा उमटवला आणि साडेतीनचीच गाडी धरली. पौडला बरीच माणसं उतरली. पुढं घाटापर्यंत गाडीत त्या, कंडक्टर आणि ड्रायव्हर एवढेच होते.